नवा मोबाइल की गतवर्षीचा लेखणीवाला? हिशोब महिन्यांचा मांडा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की मोबाइलच्या बाजारात एक प्रश्न हमखास विचारला जातो. नवे मॉडेल आले आहे, गेल्या वर्षीचे अजून दुकानात आहे, घ्यावे कोणते? हौशी माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर त्याच्या हौसेवर सोडून देता येते. परंतु व्यापारी, कारखानदार किंवा कंत्राटदार जेव्हा एक लाख रुपयांच्या वस्तूविषयी विचारतो, तेव्हा तो भांडवलाचा प्रश्न असतो. गाळ्यात नवे यंत्र बसविताना आपण ते किती वर्षे चालेल, सुटे भाग मिळतील की नाही, हे दहा ठिकाणी विचारतो. मोबाइल घेताना मात्र कॅमेरा किती मेगापिक्सेलचा एवढेच विचारून मोकळे होतो. ही सवय महागात पडते, आणि ती कशी पडते हे एका जोडीच्या उदाहरणाने येथे मांडायचे आहे.

ही जोडी म्हणजे सॅमसंग कंपनीचे गॅलेक्सी नोट २० अल्ट्रा आणि गॅलेक्सी एस२१ अल्ट्रा. पहिले मॉडेल ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झाले, दुसरे १४ जानेवारी २०२१ रोजी. अंतर पाच महिन्यांचे, पण कॅलेंडर बदलले आणि लेखणीवाले नोट ‘गेल्या वर्षीचे’ ठरले. आज या दोन्ही मोबाइलांचा जमाखर्च जवळजवळ पूर्ण झाला आहे. त्यामुळे तेव्हा जे अंदाजाने बोलावे लागत होते, ते आज आकड्यांनिशी बोलता येते.

दुकानात काय दिसत होते?

भारतात नोट २० अल्ट्राची किंमत १,०४,९९९ रुपये जाहीर झाली होती. एस२१ अल्ट्राची १,०५,९९९ रुपये. दोन्हीत १२ जीबी रॅम, दोन्हीत २५६ जीबी साठवण. म्हणजे फरक अवघा एक हजार रुपयांचा. एवढ्या फरकात नव्याला काय अधिक मिळत होते, ते पाहू.

नव्याची बॅटरी ५,००० एमएएच, जुन्याची ४,५००. नव्याचा प्रोसेसर एक्सिनॉस २१००, जुन्याचा एक्सिनॉस ९९०. हा जुना प्रोसेसर तापतो आणि बॅटरी लवकर संपवतो, अशी समीक्षकांची तक्रार त्या काळी सर्वत्र होती. मुख्य कॅमेरा दोघांचाही १०८ मेगापिक्सेलचा, परंतु दूरचे दृश्य टिपण्यासाठी जुन्यात पाचपट जवळ आणणारी एक भिंग-रचना होती, नव्यात तिप्पट आणि दहापट अशा दोन होत्या. जुन्याचा पडदा ६.९ इंचांचा, नव्याचा ६.८ इंचांचा, पण नव्यात पूर्ण तीक्ष्णता आणि पूर्ण वेग एकाच वेळी मिळत होता. जुन्यात दोन्हींपैकी एक निवडावे लागे.

आता जुन्याची बाजू. जुन्यात मेमरी कार्डाची खाच होती, नव्यात नाही. जुन्याच्या डब्यात चार्जर होता, नव्याच्या डब्यात नुसती वायर. जुने वजनाने सुमारे २० ग्रॅम हलके. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्याच्या पोटातच ‘एस पेन’ नावाची लेखणी होती. नव्याचा पडदाही ती लेखणी ओळखत होता, पण लेखणी वेगळी विकत घ्यायची आणि ठेवायला जागा हवी तर जाडजूड कव्हरही घ्यायचे. शिवाय जुन्या लेखणीच्या बटणाने दुरून फोटो काढता येत असे. नव्यासाठी आलेल्या साध्या लेखणीत ती सोय नव्हती.

दोन्ही मोबाइलांवर ५जी ही अक्षरे ठळक होती. आपल्या देशात ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये ज्याने यांपैकी कोणताही मोबाइल घेतला, त्याने वीस महिने वापरताच न येणाऱ्या सोयीचे पैसे आगाऊ भरले. जाहिरातीतील प्रत्येक अक्षराची किंमत ग्राहक देत असतो; ती सोय त्याला कधी लाभणार, हे जाहिरात सांगत नाही.

लेखणी कोणाला हवी?

लेखणीची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. बोट असताना काठी कशाला, असे ते म्हणतात. पण धंद्यात लिहिण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. तोंडी व्यवहारावर बुडालेल्या भागीदाऱ्या आणि तुटलेली नाती आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

लेखणीचा खरा उपयोग असा. सुतार किंवा फर्निचरवाला ग्राहकाच्या खोलीचा फोटो काढून त्यावरच लांबी-रुंदी लिहितो. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागधारक कापडाच्या फोटोवर दोष कोठे आहे तो गोल करून व्यापाऱ्याला पाठवितो. पोशाख शिवणारा गळ्याचा नमुना रेखाटून दाखवितो. माल पोहोचविणारा चलनावर ग्राहकाची सही पडद्यावरच घेतो. ही कामे बोटाने होतात, पण गबाळी होतात. लेखणीला लिहिण्यासाठी स्वतःची बॅटरी लागत नाही, पडदाच तिला ओळखतो. त्यामुळे ती ऐन वेळी बंद पडत नाही.

मात्र स्वतःला एक प्रश्न विचारावा: यांपैकी कोणते काम मी रोज करतो? रोज करीत असाल तर लेखणी हे अवजार आहे. महिन्यातून एकदा करीत असाल तर ते मिरविण्याचे साधन आहे. आणि केवळ लेखणीच हवी असेल तर त्यासाठी लाख रुपये मोजण्याचेही कारण नव्हते. याच कंपनीचा गॅलेक्सी टॅब एस६ लाइट २०२० मध्ये लेखणीसह २७,९९९ रुपयांपासून मिळत होता. दुकानात टेबलावर ठेवायला तो मोठ्या पडद्याचा टॅब आणि खिशात एखादा साधा मोबाइल, हा व्यवहार निम्म्याहून कमी पैशांत झाला असता.

खरा फरक दिसलाच नाही

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीने या दोन मोबाइलांचे आयुष्य ठरविले नाही. ते ठरले कंपनीच्या एका वचनाने, जे डब्यावर कोठेच छापलेले नव्हते.

मोबाइल विकल्यानंतरही कंपनी त्यात दुरुस्त्या पाठवीत असते. त्या दोन प्रकारच्या. एक म्हणजे अँड्रॉइडची नवी आवृत्ती. दुसरी म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, म्हणजे चोराला सापडलेली खिडकी बंद करणे. नवी आवृत्ती आली नाही तरी काम अडत नाही. सुरक्षेची दुरुस्ती थांबली की मात्र ज्या मोबाइलमध्ये आपले बँक खाते, यूपीआय, ग्राहकांची नावे आणि देणी-घेणी आहेत, त्याची दारे-खिडक्या तपासणारा पहारेकरी निघून गेला असे समजावे. मोबाइल त्या दिवशी बंद पडत नाही. तो चालत राहतो, आणि म्हणूनच मालकाला काही कळत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये सॅमसंगने आपल्या वरच्या मोबाइलांना अँड्रॉइडच्या तीन नव्या आवृत्त्या देण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, २०१९ पासून आलेल्या गॅलेक्सी मोबाइलांना किमान चार वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे सांगितले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने हे वचन वाढविले: चार आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा. या वाढीव वचनात एस२१ अल्ट्रा बसले. नोट २० अल्ट्रा बाहेर राहिले.

परिणाम असा झाला की नोट २० अल्ट्रा अँड्रॉइड १० वर आले आणि १३ वर थांबले. त्याची चार वर्षांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये भरली. एस२१ अल्ट्रा अँड्रॉइड ११ वर आले, २०२५ मध्ये त्याला १५ वी आवृत्ती मिळाली, आणि त्याच्या सुरक्षेचे वचन २०२६ च्या आरंभापर्यंतचे होते. दुकानात पाच महिन्यांचे दिसणारे अंतर प्रत्यक्षात सुमारे दीड वर्षाचे निघाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही मुदत आपण मोबाइल विकत घेतो त्या दिवसापासून मोजली जात नाही. ते मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजली जाते. दुकानाच्या कपाटात बंद डब्यात पडलेला मोबाइलही रोज म्हातारा होत असतो.

आकडे काय सांगतात?

समजा एका व्यापाऱ्याने जानेवारी २०२१ च्या अखेरीस जाहीर किमतीला खरेदी केली. नोट २० अल्ट्राचे तेव्हा ऑगस्ट २०२४ पर्यंत ४३ महिने उरले होते. १,०४,९९९ भागिले ४३, म्हणजे महिना सुमारे २,४४२ रुपये. एस२१ अल्ट्राला ६० महिने मिळाले. त्याच्या किमतीत चार्जर आणि लेखणीचे समजा पाच हजार रुपये मिळवू. १,१०,९९९ भागिले ६०, म्हणजे महिना १,८५० रुपये. चार्जर आणि लेखणी फुकट देणारा जुना मोबाइल अखेरीस महिन्याला जवळजवळ सहाशे रुपयांनी महाग पडला.

मग जुने मॉडेल घेऊच नये का? तसे नाही. ४३ महिन्यांना १,८५० ने गुणले तर ७९,५५० रुपये होतात. म्हणजे तोच नोट २० अल्ट्रा ऐंशी हजारांच्या आत मिळाला असता तर तो नव्याइतकाच किंवा त्याहून किफायतशीर ठरला असता. जुने मॉडेल घेण्यात चूक नाही. उरलेले महिने न मोजता नव्याच्या भावाने ते घेण्यात नुकसान आहे.

कोणी म्हणेल, जानेवारी २०२१ मध्ये पाच वर्षांचे वचन कोणाला माहीत होते? बरोबर आहे, तेव्हा ते दिलेच गेले नव्हते. त्या वेळच्या ग्राहकाला नशिबाची साथ मिळाली. आज मात्र तसे राहिलेले नाही. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ बरोबर आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिकेबरोबर सात वर्षांचे वचन पहिल्या दिवशीच जाहीर केले. आता मुदत आधी कळते, म्हणून हिशोबही आधी करता येतो.

आणि हा हिशोब मोठा बोलका आहे. सात वर्षांच्या मोबाइलचे एक वर्ष सरले तर आयुष्याचा सातवा हिस्सा गेला. असा गेल्या वर्षीचा मोबाइल सातव्या हिश्शाहून अधिक सवलतीत मिळत असेल, तर खुशाल घ्यावा. फक्त इतकी वर्षे वापरायचे म्हणजे मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च धरावा. उलट ज्या मोबाइलला तीनच वर्षांचे वचन आहे, त्याचे एक वर्ष सरले तर तिसरा हिस्सा गेला. कमी किमतीच्या मोबाइलांना बहुधा अशीच तोकडी मुदत असते, आणि आपला बहुसंख्य ग्राहक त्याच मोबाइलांकडे वळतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच हा हिशोब अधिक काळजीने करावा लागतो.

जीएसटीत नोंदणी असलेल्या आणि मोबाइल धंद्यासाठी वापरणाऱ्या व्यापाऱ्याने आणखी एक करावे. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के कर आहे. १,०५,९९९ रुपयांत तो १६,१६९ रुपयांच्या आसपास येतो. बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातला तर हा कर जमा धरता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही सोय नाही.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा मामला

महागड्या मोबाइलांची विक्री आज मोठ्या प्रमाणावर हप्त्यांवर चालते. १,०५,९९९ रुपये ऐकून जो मागे सरतो, तो ‘महिना फक्त ८,८३३, बारा महिने, व्याज नाही’ असे ऐकून पुढे येतो. याविषयी आपल्या वाचकांनी विशेष सावध राहावे.

या योजनेत बहुधा असे घडते. बँक कर्ज देते आणि त्यावर व्याज लावते. तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून आधी वजा करते. बेरीज सारखी आली म्हणून तिला ‘नो कॉस्ट’ म्हणतात. पण कार्डाच्या विवरणात व्याजाचा रकाना असतोच, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो. समजा व्याजाचा हिस्सा ८,००० रुपये असेल तर १,४४० रुपये हे झाले. प्रक्रिया शुल्क वेगळे. रोखीने मिळाली असती ती सूट गेली ती आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नाही आणि व्याज दुसऱ्या नावाखाली झाकले जाते.

आपल्यासाठी प्रश्न केवळ १,४४० रुपयांचा नाही. इस्लामी फिक्ह अकादमीने मार्च १९९० मध्ये जेद्दा येथील अधिवेशनात हप्त्याच्या विक्रीविषयी निर्णय दिला. विक्रेत्याने हप्त्यासाठी रोखीपेक्षा अधिक किंमत लावली तरी चालते. मात्र किंमत आणि हप्ते करार करतानाच ठरले पाहिजेत आणि उशीर झाला म्हणून रक्कम वाढविता येणार नाही. वस्तू विकणारा उधारीची किंमत ठरवितो हा एक व्यवहार. तिसरा पैसे देतो आणि पैशावर पैसा घेतो हा वेगळा व्यवहार. दोन्हींना बाजारात ‘ईएमआय’ हे एकच नाव आहे. आपला करार यांपैकी कोणता आहे हे कागद वाचून समजून घ्यावे आणि शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारावे.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. रोखीने जेवढे परवडते तेवढ्यात उरलेले महिने अधिक देणारा मोबाइल घ्यावा. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टीविषयी जी ताकीद आहे, ती लग्नाच्या मंडपापुरती नाही. खिशातल्या मोबाइललाही ती लागू आहे.

विकणाऱ्याची जबाबदारी

हे सर्व ग्राहकाविषयी झाले. पण मोबाइलची विक्री आणि दुरुस्ती हा आपल्या कितीतरी तरुणांचा धंदा आहे. मुंबईच्या मनीष मार्केटपासून तालुक्याच्या एस. टी. स्थानकासमोरील गाळ्यापर्यंत ते बसलेले आहेत. त्यांच्या हातून गेल्या वर्षीचा आणि त्याच्या आदल्या वर्षीचा माल रोज विकला जातो.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल दाखविणारे प्रेषित मुहम्मद (स.) आणि ओले धान्य वर का ठेवले नाही, हा त्यांनी व्यापाऱ्याला विचारलेला प्रश्न आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आजच्या दुकानात ओल कोठे आहे? जुन्या मॉडेलच्या न सांगितलेल्या मुदतीत आहे. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. मोबाइलच्या डब्यावर तो तयार झाल्याचा महिना असतो, पण सुरक्षा-दुरुस्ती कधी थांबणार हे नसते. आणि तयार झाल्याचा महिना ताजा असला तरी मॉडेल दोन वर्षांपूर्वीचे असू शकते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून यावर नियम लागू केला आहे. त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात ठेवणे कंपनी थांबवील, तेथून पुढे किमान पाच वर्षे दुरुस्त्या मिळाल्या पाहिजेत. म्हणजे उशिरा घेणाऱ्यालाही पूर्ण पाच वर्षे मिळतात. आपल्या सरकारनेही निदान डब्यावर दुरुस्तीची अखेरची तारीख छापणे सक्तीचे करावे, अशी मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. यात प्रामाणिक दुकानदाराचे नुकसान काहीच नाही.

पण कायद्याची वाट कशाला पाहायची? किमतीच्या चिठ्ठीवर एक ओळ हाताने लिहायला सरकारी परवानगी लागत नाही: ‘हे मॉडेल अमुक महिन्यात आले, सुरक्षा अमुक वर्षापर्यंत.’ जुना माल त्या प्रमाणात स्वस्त द्यावा. एखादे गिऱ्हाईक ही ओळ वाचून परत जाईल हे खरे. परंतु ज्याला ती ओळ वाचायला मिळाली, तो पुढच्या खेपेस मुलाचा, भावाचा आणि शेजाऱ्याचा मोबाइल घ्यायला त्याच दुकानाची पायरी चढेल. गिऱ्हाईक टिकविण्याचा याहून स्वस्त मार्ग धंद्यात दुसरा नाही, आणि कमाई हलाल राहते ती वेगळीच.